सार्कची शेवटची मीटिंग कधी झाली?

भाचीची जीकेची क्विझ होती म्हणून तिच्याकडून सार्कचे, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांच्या संघटनेचे, देश पाठ करून घेत होतो. आठही धडाधड म्हणून दाखवले आणि मग विचारते, मामा, ह्यांची शेवटची परिषद कधी झाली रे? म्हटलं नोव्हेंबर २०१४, काठमांडूला. अय्या, म्हणजे माझ्या जन्माच्या आधी! आता ह्यावर काय बोलणार.

तसं काठमांडूत ऑफिस चालू आहे, सेक्रेटरी जनरल असतात, फक्त मोठी माणसं एकत्र बसत नाहीत. २०१६ ला इस्लामाबादला बसणार होती, तेवढ्यात उरीचा हल्ला झाला, भारत म्हणाला आम्ही येत नाही, पाठोपाठ बांगलादेश, भूतान, अफगाणिस्ताननेही अंग काढून घेतलं आणि जे थांबलं ते थांबलंच. १९८५ ला ढाक्यात सनद केली तेव्हाच ठरलेलं की निर्णय एकमतानेच होणार आणि दोन देशांमधली भांडणं इथे काढायची नाहीत. हा नियम नसता तर बहुतेक तेव्हा कोणी सहीच केली नसती, मान्य, पण झालंय असं की भांडणाबद्दल ब्र काढायचा नाही आणि त्याच भांडणापायी बाकीचं सगळं ठप्प. साफ्टा, म्हणजे सार्क देशांमधला मुक्त व्यापाराचा करार, २००६ पासून लागू आहे, तरी ह्या देशांचा आपापसातला व्यापार एकूण व्यापाराच्या ५ टक्क्यांच्या आसपासच घुटमळतोय, तिकडे आग्नेय आशियातले आसियानवाले २० च्या पुढे.

मला मात्र त्या काठमांडूच्या परिषदेतली एक गोष्ट जाम आवडते. गाड्यांच्या ये-जा करण्याचा आणि रेल्वेचा असे दोन करार पाकिस्तानने अडवले, आता हात हलवत परत जाणार असं वाटत असताना शेवटच्या दिवशी विजेच्या करारावर सह्या झाल्या.

आणि मग १५ नोव्हेंबर २०२४ ला नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात पोचली. गंमत म्हणजे हा सौदा फक्त १५ जून ते १५ नोव्हेंबरचा, कारण नद्या भरलेल्या असतात तेव्हाच नेपाळकडे वीज उरते, हिवाळ्यात तेच भारताकडून घेतात. म्हणजे त्या वर्षीचा सीझन ज्या दिवशी सुरू झाला त्याच दिवशी संपला :) पुढची वीज थेट २०२५ च्या जूनमध्ये. पण मला कौतुक ह्याचं की ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सरकार पडलेलं, दिल्लीशी संबंध ताणलेले, आणि तरी ऑक्टोबरमध्ये तिन्ही देशांच्या वीज कंपन्यांनी बसून सह्या केल्या.

मग हे सार्कनेच केलं ना, भाची म्हणे. नाही गं, तिघांनी आपापसात केलं, म्हटलं. तिला ते काही पटलं नाही. क्विझला मुख्यालय कुठे आहे एवढंच विचारलं, ते बरोबर आलं तिचं.