नाटकातलं स्वगत कॅमेऱ्यासमोर

पुस्तकावरचा सिनेमा बघून आलं की 'पुस्तकासारखं नाही' हे ठरलेलंच, पण बदललं काय आणि का हे बघण्यातच खरी मजा आहे. नटसम्राटच घ्या ना, १९७० चं नाटक आणि २०१६ चा सिनेमा. स्टेजवर नाटकाचे नायक, म्हातारे नट बेलवलकर, एकटेच उभे राहून लांबलचक स्वगत म्हणतात आणि शेवटच्या रांगेतल्यालाही ते खटकत नाही, पण कॅमेरा इतका जवळ येतो की तिथे एकटं बोलणं पटवणं अवघड, मला वाटतं म्हणूनच सिनेमात रामभाऊ हा मित्र आला, नाटकात तो नाहीच. दोन म्हातारे नट समोरासमोर बसून भांडतात, रडतात, आणि जे आधी प्रेक्षकांना सांगायचं ते आता मित्राला सांगतात. मला हा बदल मनापासून आवडला.