तिसरीच्या वर्गातील कोडिंग : उजवीकडे वळणे आणि उजवीकडे जाणे

मी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने कोडिंग, म्हणजे संगणकाला सूचना लिहून देणे, सहावीपासून सुचवले आहे. तरीही सूचनांचा क्रम लावणे, तीच कृती पुन्हा करणे आणि चूक शोधून दुरुस्त करणे या गोष्टी आठ वर्षांच्या मुलांना खेळातून समजतात, असे मला ठामपणे वाटते. म्हणून आम्ही सुरुवात यंत्राशिवाय केली.

वर्गातील शहाबादी फरशीचे चौकोन आयतेच होते. एक मूल ‘रोबो’ व्हायचे आणि बाकीची मुले ‘एक पाऊल पुढे’, ‘उजवीकडे वळ’, ‘डावीकडे वळ’ अशी चिठ्ठ्यांची ओळ लावून त्याला फळ्यापर्यंत न्यायची. खरी अडचण वळण्यातच होती. ‘उजवीकडे वळ’ म्हटले की बहुतेक मुले बाजूच्या फरशीवर पाऊल टाकत. वळल्याने फक्त तोंडाची दिशा बदलते, जागा बदलत नाही, हे शब्दांनी समजावून उपयोग झाला नाही. रोबो वर्गाकडे तोंड करून उभा राहिला की गोंधळ आणखी वाढे. शेवटी एका मुलीने उठून रोबोच्या मागे उभे राहून पाहिले आणि ती म्हणाली, “बाई, त्याचा उजवा हात बघायचा, आपला न्हाई.” पुढे प्रत्येक गट चिठ्ठी लावण्याआधी तसाच मागे जाऊन उभा राहू लागला. संगणकतज्ज्ञ सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७मध्ये मुलांसाठी तयार केलेल्या ‘लोगो’ या संगणकाच्या भाषेतील, सूचनांनुसार हलणारे कासवही असेच, स्वतःच्या तोंडाच्या दिशेने चालते.

‘पुन्हा’ ही कल्पना मात्र दोरीवरच्या उड्या आणि ठिपक्यांची रांगोळी यांवरून लगेच पटली.

त्यानंतर टॅबवर स्क्रॅचज्युनिअर घेतले; त्यात सूचनांचे ठोकळे जोडून पडद्यावरचे मांजर हलवायचे असते. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या या अ‍ॅपमधील ठोकळ्यांवर शब्द नसून चित्रे आहेत, आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही, ही आमच्यासारख्या शाळांसाठी मोठीच सोय आहे. त्यात वळण्याच्या ठोकळ्यावर १२ आकडा घातला की मांजर पूर्ण फेरी घेते. मुलांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून पाव फेरीसाठी ३ हा आकडा स्वतःच शोधला. पण वळलेले मांजरही ‘उजवीकडे’च्या ठोकळ्याने पडद्याच्याच उजवीकडे सरकते, त्याच्या तोंडाच्या दिशेने नव्हे. फरशीवरचा नियम इथे लागू होत नाही, हे मुलांनी टॅबवर करून पाहिले, आणि दोन्हींतील फरक वहीत चित्रांनी मांडायला लावल्यावरच तो पक्का झाला.

स्क्रॅचज्युनिअरमध्ये ‘जर–तर’चा ठोकळा नाही. त्यामुळे अट शिकवताना वाटेत दप्तर ठेवते आणि चिठ्ठी देते : समोर दप्तर असेल तर डावीकडे वळ, नसेल तर एक पाऊल पुढे जा. सध्या मुले एकमेकांसाठी अशा चिठ्ठ्या लिहीत आहेत, आणि रोबो अडला की नेमकी कोणती चिठ्ठी बदलायची यावर त्यांची चर्चा मधल्या सुट्टीतही चालू असते.