विज्ञानकथेचं न्यूजलेटर: पुढच्या वर्षाचं गणित

ईमेलने जाणारं विज्ञानकथेचं न्यूजलेटर वर्षभर नेटाने चाललं की चालवणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "आता आपण कथाही छापू या." बातम्या आहेत, परीक्षणं आहेत, वर्गणीदार आहेत, मग कथा का नकोत? नको असं काही नाही. पण कथा छापणं म्हणजे अंकात एक सदर वाढवणं नव्हे, ते वेगळंच काम आहे. म्हणून आधी चालू अंकाला किती तास लागतात ते सदरवार लिहून काढावं आणि मगच पुढचं बोलावं.

हा हिशेब मांडला की बहुतेकांना धक्का बसतो, कारण सगळ्यात जास्त वेळ परीक्षण नव्हे तर तारखांचं सदर खातं. कुठलं नियतकालिक कथा कधी मागवतंय, शब्दमर्यादा काय, मानधन किती, हक्क कुठले. अंकात याची एक ओळ होते, पण त्या ओळीसाठी नियतकालिकाचं मूळ पान उघडून नियम शेवटपर्यंत वाचावे लागतात. दुसऱ्याच्या यादीवरून तारीख उचलली की घात होतो: पुष्कळ ठिकाणी गेल्या वर्षीची घोषणा त्याच पानावर तशीच पडून असते. 'मुदत ३१ मार्च' एवढं लिहूनही भागत नाही. रात्रीचे बारा कुठल्या घड्याळातले? काही संपादक 'पृथ्वीवर कुठेही ३१ तारीख असेपर्यंत' असं धरतात, म्हणजे ग्रिनिच वेळेने १ एप्रिलच्या दुपारी बारापर्यंत. आणि अंक हाती पडल्यावर आठवड्याभरात संपणारी मुदत छापून कुणाचंच भलं होत नाही. तेवढ्यात कथा लिहून, मुरवून, तपासून होत नाही. अंकाच्या तारखेपासून तीन ते दहा आठवडे पुढच्या मुदती घ्याव्यात.

याउलट बातम्या सरळ कमी कराव्यात असं माझं मत आहे. महिन्यातून एकदा येणाऱ्या अंकात बातमी शिळीच पोचते. विज्ञानकथेच्या बातम्या देणारं 'लोकस' हे मासिक हे काम १९६८पासून करतंय आणि त्यांच्याकडे त्यासाठी माणसं आहेत. डेव्हिड लँगफोर्ड यांचं 'अॅन्सिबल' हे बातमीपत्र १९७९ला सुरू झालं, १९८७नंतर काही वर्षं बंद राहिलं, १९९१ला पुन्हा निघालं आणि आटोपशीरच राहिलं. नेमकेपणा, तिरकस विनोद आणि ठरलेला वेळ, एवढ्यावर ते टिकलंय. अंक अनियमित निघण्यापेक्षा दर दोन महिन्यांनी निघालेला बरा. फक्त हा बदल आधी जाहीर करावा, दोन अंक चुकल्यावर नव्हे.

बातम्यांची जागा वर्षअखेरच्या यादीला द्यावी. विज्ञानकथेच्या ह्यूगो पुरस्कारात ७,५०० शब्दांच्या आतली ती लघुकथा, १७,५००पर्यंत दीर्घकथा, ४०,०००पर्यंत लघुकादंबरी आणि त्यापुढे कादंबरी. डिसेंबरच्या अंकात वर्षभरात आवडलेल्या कथा या गटांप्रमाणे, शब्दसंख्या आणि प्रथम प्रकाशनाच्या वर्षासह दिल्या, तर नामांकन भरणारा माणूस ती यादी जपून ठेवतो. त्यासाठी जानेवारीपासूनच वाचल्याबरोबर नोंद करावी लागते. डिसेंबरात आठवून केलेल्या यादीत शेवटच्या तीन महिन्यांतल्याच कथा येतात.

दिशा ठरवताना आकडे कुठले पाहायचे? ओपन रेट, म्हणजे अंक किती जणांनी उघडला याचं प्रमाण, नकोच. पत्रातलं चित्र उतरलं की अंक उघडला असं धरून ते मोजतात. सप्टेंबर २०२१पासून अॅपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय आली. ती चालू असली की पत्रातली चित्रं आधीच परस्पर उतरवून घेतली जातात, आणि न वाचलेला अंकही 'उघडला' म्हणून मोजला जातो. कुठल्या दुव्यावर किती जण गेले, कुठल्या अंकानंतर किती जण सोडून गेले आणि किती जणांनी उलट लिहिलं, हे तीन आकडे पुरे. सुटा सुटा अंक पाहू नये, सहा अंकांचा कल पाहावा.

अंक पोचणं हीसुद्धा एक बाजू आहे. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहूने घाऊक पत्रं पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या (पत्र खरोखर आपल्याच डोमेनवरून आलंय हे पटवणाऱ्या) तिन्ही नोंदी आणि एका क्लिकवर वर्गणी बंद करण्याची सोय सक्तीची केली. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. जीमेलच्या लेखी घाऊक म्हणजे दिवसाला पाच हजार पत्रं, पण वर्गणीदार थोडे असले तरी हे करून टाकावं. नंतर करायला गेलं की नेमका अंकाच्या दिवशी घोळ होतो.

आता कथेकडे. पहिली अडचण अगदी तांत्रिक आहे आणि देवनागरीत ती जास्त बोचते. पत्राचा एचटीएमएल (मजकूर आणि मांडणीचा कोड मिळून) साधारण १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल ते मध्येच कापतं आणि 'पूर्ण संदेश पाहा' अशी ओळ दाखवतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. 'अंतराळ' म्हणजे अ, अनुस्वार, त, र, काना, ळ: सहा चिन्हं, १८ बाइट. चार हजार शब्दांची मराठी कथा नुसत्या मजकुरानेच सत्तर केबीच्या आसपास जाते. त्यावर साच्याचा कोड आला आणि वर्डमधून थेट चिकटवल्यामुळे अदृश्य खोगीरभरती आली, की मर्यादा ओलांडलीच. कथेचा शेवट कापला जातो हे वाईट, पण त्याहून वाईट म्हणजे तळाची 'वर्गणी बंद करा' ही लिंकही दिसेनाशी होते, आणि वैतागलेला वाचक स्पॅमचं बटण दाबतो. उपाय सोपा आहे: पत्रात पहिले सहाशे-सातशे शब्द, पुढची कथा संकेतस्थळावर. आणि हो, शीर्षकाखाली इनबॉक्समध्ये जी फिकट ओळ दिसते ती मुद्दाम लिहावी. नाहीतर परीक्षणाचं पहिलं वाक्य तिथे उमटतं आणि यानातला कोण माणूस नव्हता हे अंक न उघडताच कळतं.

दुसरी अडचण पैशांची. अमेरिकेतल्या विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने २०१९पासून व्यावसायिक दर शब्दाला किमान ८ सेंट धरला आहे. चार हजार शब्दांना ३२० डॉलर झाले. महिना पाच डॉलर वर्गणी असेल, तर सबस्टॅक या न्यूजलेटर-सेवेचे १० टक्के आणि कार्डाच्या व्यवहाराचे साधारण २.९ टक्के अधिक ३० सेंट जाऊन हातात जेमतेम चार उरतात. म्हणजे महिन्याला एक कथा हवी तर ऐंशी वर्गणीदार फक्त लेखकाच्या मानधनापायी, संपादकाच्या हातात शून्य. वार्षिक वर्गणीत ते ३० सेंट बाराऐवजी एकदाच कापले जातात, पण वर्षाचं देणं डोक्यावर येतं. निघायचे राहिलेल्या अंकांचे पैसे खर्चाला काढूच नयेत. मध्येच थांबावं लागलं तर ते परत करायचे असतात.

इतका दर झेपत नसेल तर झेपेल तेवढा उघड सांगावा, पण 'प्रसिद्धी मिळेल' म्हणून फुकट कथा मागू नये. वर्गणीदारांना कथा पाठवणं हेही प्रकाशनच. त्यात तिचा प्रथम प्रकाशनाचा हक्क संपतो, आणि मग ती दुसरीकडे पुनर्मुद्रण म्हणूनच आणि बहुधा बऱ्याच कमी पैशांत जाते. करार एका पानाचा असला तरी चालेल, पण त्यात चार गोष्टी हव्यातच: प्रथम हक्क कुठल्या भाषेपुरता, किती महिने दुसरीकडे द्यायची नाही, जुन्या अंकांत कथा किती काळ राहणार आणि पैसे कधी मिळणार.

तिसरी अडचण वाचायची. शंभर कथा आल्या आणि प्रत्येकीला पहिल्या वाचनात दहा मिनिटं दिली, तरी सतरा तास होतात. वर्षभर दार उघडं ठेवू नये. आठवडाभर कथा मागवाव्यात आणि सहा आठवड्यांत सगळ्यांना उत्तर द्यावं, मग ते 'साभार परत' का असेना. यंत्राने लिहिलेल्या कथांबद्दलचा नियम पहिल्याच आवाहनात लिहावा. फेब्रुवारी २०२३मध्ये 'क्लार्क्सवर्ल्ड'सारख्या मुरलेल्या मासिकालाही अशा कथांच्या लोंढ्यामुळे कथा घेणं काही काळ बंद ठेवावं लागलं होतं.

एवढं पाहून ज्यांना कथा झेपणार नाहीत, त्यांनी अनुवादित कथांची परीक्षणं आणि तारखांचं सदर यांवर भर द्यावा. त्यात काही कमीपणा नाही.

योजना कुठलीही ठरो, वर्गणीदारांची यादी आपल्या ताब्यात हवी. टायनीलेटर ही न्यूजलेटर पाठवायची सेवा २९ फेब्रुवारी २०२४ला बंद झाली, तशी उद्या दुसरी होईल. दर तीन महिन्यांनी वर्गणीदारांची सीएसव्ही फाइल (कुठल्याही सेवेत उघडणारा साधा तक्ता) उतरवून घ्यावी, आणि सोडून गेलेल्यांचीसुद्धा. ही दुसरी फाइल हमखास विसरली जाते. मग नव्या सेवेवर जुनी यादी चढवताना सोडून गेलेल्यांनाही पुन्हा अंक जातो, आणि तक्रारींचं प्रमाण पहिल्याच पत्राला ०.३च्या वर जाऊन बसतं. डोमेनचा पासवर्ड किमान दोघांकडे असावा आणि नूतनीकरणाची आठवण दोघांच्याही पत्त्यावर यावी.