न्यू जर्सीहून सिएटलला गाडीने: बिऱ्हाड हलवण्याआधी

एडिसन-पिस्कॅटवेकडून बेलव्ह्यू-बॉथेलकडे सरकणाऱ्या मराठी घरांत हमखास एक वाद होतो: गाडी ट्रकवर घालून पाठवायची की चालवत न्यायची? चालवत न्यायची तर अंतर सुमारे २,८५० मैल, निव्वळ ड्रायव्हिंग ४२ ते ४४ तास. रस्त्याला घाबरण्यासारखं फारसं काही नाही. आय-८० आणि आय-९० हे दोन महामार्ग धरले की सिएटलपर्यंत वळणं मोजकीच. घोळ होतो तो कागदपत्रांच्या क्रमात आणि गाडीत कोंबलेल्या वजनात. त्यामुळे रस्ता नंतर, आधी ही दोन दुखणी.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि कंपनी तीच पण ऑफिस सिएटलचं, तर कंपनीचं सुधारित पिटिशन (व्हिसाचा अर्ज) दाखल झाल्याशिवाय तिथून कामाला सुरुवात करायची नाही. इमिग्रेशन खात्याच्या अपील कार्यालयाच्या २०१५च्या सिमियो निकालापासून हे स्पष्ट आहे. त्यासाठी आधी नव्या जागेचा एलसीए (कामगार खात्याकडून मंजूर होणारा अर्ज) लागतो आणि त्याला कामकाजाचे सात दिवस जातात. पिटिशन मंजूर होण्याची वाट पाहावी लागत नाही, दाखल झालं की काम सुरू करता येतं. "मी तर घरूनच काम करतो" ही सबब चालत नाही. घर नव्या राज्यात गेलं म्हणजे कामाची जागाही गेली. तेव्हा घराचं भाडं, मूव्हर, शाळा या सगळ्याच्या तारखा वकिलाकडून ही तारीख कळल्यावर ठरवा, उलट नको.

पोहोचल्यावर दहा दिवसांच्या आत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा. तो घरातल्या प्रत्येकाचा वेगळा: एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावरची बायको किंवा नवरा, मुलं, सगळ्यांचा. ग्रीन कार्डवाल्यांनाही हे लागू आहे. पोस्टात पत्ता बदलला म्हणजे यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याकडे बदलला असं होत नाही. केस चालू असेल तर त्या केसवरचा पत्ताही बदलला गेलाय ना, ते खात्यात जाऊन बघा. कार्ड जुन्या पत्त्यावर जाऊन परत फिरलं की ते पुन्हा मिळवायला महिने जातात.

कंपनीने स्थलांतरासाठी एकरकमी पैसे दिले तर ते पूर्ण हातात येतील असं धरू नका. २०१८पासून सामान्य नोकरदाराला घर हलवण्याच्या खर्चावर फेडरल करसवलत नाही, ती रक्कम पगारासारखीच करपात्र असते. त्या कराचा भार कंपनी उचलणार का, हे ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचारायचं. शिवाय पेरोलमध्ये कामाचं राज्य बदललं नाही, तर न्यू जर्सीचा कर कापला जातच राहतो. पहिली सॅलरी स्लिप नीट वाचा.

आता सामान. मूव्हरच्या बाबतीत दोन आकडे लक्षात ठेवले की निम्मी फसवणूक टळते. पहिला ११० टक्के: अंदाजपत्रक बंधनकारक नसेल तर सामान उतरवण्याआधी तो तुमच्याकडून अंदाजाच्या फार तर ११० टक्के मागू शकतो, उरलेलं नंतर. दुसरा ६० सेंट: फुकट मिळणाऱ्या मूलभूत संरक्षणात भरपाई वस्तूच्या वजनावर, पौंडाला ६० सेंट. म्हणजे ४० पौंडांचा टीव्ही फुटला तर २४ डॉलर. महाग आणि हलक्या वस्तूंसाठी पूर्ण मूल्याचं संरक्षण विकत घ्या, नाहीतर त्या गाडीत घ्या. फोनवर फार स्वस्त भाव सांगणारा बहुतेकदा स्वतः ट्रक चालवत नाही, मधला दलाल असतो. यूएसडॉट नंबर (वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक) मागून सरकारी साइटवर तपासा. सामान यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तेव्हा कुकर, चार ताटं-वाट्या आणि अंथरुण-पांघरुण गाडीतच हवं. पुस्तकं पोस्टाच्या मीडिया मेलने पाठवा. ७० पौंडांपर्यंतचा खोका स्वस्तात जातो, मात्र खोक्यात पुस्तकांच्या जोडीला चादर, खेळणी, मसाल्याचा डबा असलं काही घालायचं नाही. पोस्टवाले खोका उघडून बघू शकतात.

यू-हॉलचा ट्रक घेऊन मागे गाडी ओढायची असेल तर तुमची गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे का ते आधी पाहा. पुढची दोनच चाकं उचलणारी टो डॉली ऑल व्हील ड्राइव्हला चालत नाही, त्यांना चारही चाकं वर घेणारा ट्रेलर लागतो. डॉली जोडलेली असताना रिव्हर्स घ्यायचा नाही. गॅस स्टेशनमध्ये शिरण्याआधीच बाहेर पडायची वाट हेरून ठेवायची. मोठा ट्रक गॅलनला दहाएक मैल देतो, म्हणजे २८५ गॅलनचा हिशोब आलाच. माझं मत विचाराल तर आयकियाच्या कपाटांसाठी एवढा खटाटोप करू नका, ती तिथेही मिळतात.

गाडीतल्या वजनाकडे कोणी बघत नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक पिवळा-पांढरा स्टिकर दिसतो. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांपेक्षा जास्त नको, हे त्यावर लिहिलेलं असतं. बऱ्याच सेडानमध्ये हा आकडा ९००च्या आसपास. चार माणसांचे साडेपाचशे-सहाशे गेले की उरतात तीनशे. त्यात दगडी पाटा-वरवंटा, वेट ग्राइंडर आणि वीस पौंडांच्या तांदळाच्या दोन पिशव्या घातल्या तर मागचा भाग बसतो, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, ब्रेक लागायला अंतर वाढतं आणि मागचे टायर तापतात. हवा भरायचा आकडाही त्याच स्टिकरवर असतो. टायरच्या कडेला छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा, ती भरायची नसते. हवा सकाळी, टायर गार असताना तपासा.

टायरच्या खाचेत क्वार्टर (२५ सेंटचं नाणं) उलटा धरायचा. त्यावरच्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसला तर खोली ४/३२ इंचापेक्षा कमी आहे. कायद्याने चालत असला तरी पावसात असा टायर घसरतो. मग स्टेपनी बघा. नव्या गाड्यांत बऱ्याचदा ती नसतेच, नुसती फेसाची बाटली आणि पंप असतो. कडेने फाटलेल्या टायरला त्याचा उपयोग नाही. छोटी स्टेपनी असली तरी ती ५० मैलांच्या वेगापर्यंत आणि जेमतेम पुढच्या गावापर्यंतची. साउथ डकोटात ते पुढचं गावच लांब असतं. रोडसाइड असिस्टन्समध्ये टोइंग किती मैलांपर्यंत फुकट आहे ते वाचून घ्या, पाच मैलांचा प्लॅन तिथे काहीच कामाचा नाही.

न्यू जर्सीत गाडी शिकलेल्यांची एक गंमत आहे. तिथे स्वतः गॅस भरायला कायद्याने बंदी असल्यामुळे कित्येकांनी नोझल कधी हातात धरलेलं नसतं, आणि पेनसिल्व्हेनियातल्या पहिल्याच पंपावर गाडीत बसून माणसाची वाट बघितली जाते. कार्ड घालायचं, झिप कोड टाकायचा (कार्डाच्या बिलावरचा, तुम्ही असाल तिथला नव्हे), ग्रेड निवडायची, भरायचं. हिरव्या रंगाचं नोझल बहुतेक ठिकाणी डिझेलचं असतं, पण काही कंपन्यांत साधा गॅसच हिरवा असतो, म्हणून रंगावर न जाता अक्षरं वाचा. रॅपिड सिटीपासून पुढे ८५ ऑक्टेनचा (कमी ग्रेडचा) गॅस दिसू लागतो, तोही सगळ्यात स्वस्त. आजच्या बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये किमान ८७ लिहिलेलं असतं, तेव्हा मधलं बटण दाबा. सू फॉल्स सोडलं की टाकी अर्ध्यावर आली की भरायची, एवढा नियम पुरे.

रस्ता असा. आय-२८७ ने पार्सिपनीला आय-८०, डेलावेअर वॉटर गॅपला टोल, मग पेनसिल्व्हेनियात आय-८० फुकट आहे. ओहायो टर्नपाइक, इंडियाना टोल रोड आणि इलिनॉय या तिन्हींवर न्यू जर्सीचा ईझीपास (टोल आपोआप कापणारा टॅग) चालतो. निघण्याआधी खात्यावरचं कार्ड चालू आहे ना ते बघा. शिकागोत संध्याकाळी चार ते सात शिरू नका. शहर टाळायचं तर आय-२९४ ने रोझमॉंटपर्यंत जाऊन तिथे आय-९० धरता येतो. पुढे शांबर्ग लागतं. भारतीय किराणा आणि साग्रसंगीत जेवण तिथेच उरकून घ्या, कारण त्यानंतर पश्चिमेकडे असा सुकाळ नाही. इलिनॉयमधून बाहेर पडलात की थेट सिएटलपर्यंत आय-९० वर टोल नाही.

मुक्काम टोलिडो, ला क्रॉस, रॅपिड सिटी, बोझमन आणि स्पोकेन असे केले तर सहा दिवसांत आरामात पोहोचता येतं. त्यात ला क्रॉस ते रॅपिड सिटी हा टप्पा सव्वासहाशे मैलांचा, सगळ्यात लांब. पण साउथ डकोटात वेगमर्यादा ८० आहे आणि रस्ता सरळसोट. बॅडलँड्स बघायचं तर एक्झिट १३१ ला उतरून वळणावळणाच्या रस्त्याने वॉलला एक्झिट ११० वर परत यायचं. आय-९० पासून फार लांब न जाता एवढं बघायला मिळणारी जागा या वाटेवर दुसरी नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र रॅपिड सिटीजवळ स्टर्जिसची मोटारसायकल रॅली भरते. रॅपिड सिटीत हॉटेल मिळत नाही, मिळालं तर भाव अवाच्या सवा.

पश्चिमेला जाताना घड्याळ तीनदा मागे जातं: इंडियानात, साउथ डकोटाच्या मध्यावर आणि मोंटाना-आयडाहोच्या हद्दीवर. मिळालेला तास संध्याकाळी गाडी चालवण्यात घालवू नका. पाचनंतर सूर्य थेट काचेवर येतो, तो मावळला की हरणं रस्त्यावर येतात. पहाटे साडेपाचला निघून चार-साडेचारला थांबणं हेच वेळापत्रक बरं. हरीण समोर आलंच तर सरळ रेषेत ब्रेक दाबा, स्टिअरिंग फिरवू नका. गाडी उलटली तर जीव जाऊ शकतो.

बोझमनच्या पुढे ब्यूटजवळचा होमस्टेक पास ६,३०० फुटांहून उंच आहे. भरलेली गाडी उतारावर सतत ब्रेकवर ठेवली की ब्रेक तापून पेडल मऊ लागायला लागतं. खालचा गिअर टाका, हायब्रिडमध्ये 'बी'. मेअखेर ते सप्टेंबर हा प्रवासाचा चांगला काळ. त्यातही ऑगस्टमध्ये मोंटानापासून पूर्व वॉशिंग्टनपर्यंत वणव्यांचा धूर असू शकतो, दम्याचं कोणी असेल तर केबिन फिल्टर नवा घाला. नोव्हेंबरनंतर जायचंच असेल तर साखळ्या जवळ ठेवा. सिएटलच्या अलीकडच्या स्नोक्वाल्मी पासवर (घाटात) 'चेन्स रिक्वायर्ड' लागलं की ऑल व्हील ड्राइव्हवाल्यांना साखळ्या चढवायच्या नसतात, पण गाडीत असाव्या लागतात. न्यू जर्सीतलं निळं उन्हाळी वॉशर फ्लुइड तिथे गोठतं.

खाण्याचं म्हणाल तर दुधात भिजवलेल्या दशम्या आणि कोरडी दाण्याची चटणी दोन दिवस सहज जातात. हॉटेलच्या खोलीत राइस कुकरमध्ये मेतकूट-भाताची सोय होते, फोडणी मात्र करू नका. स्मोक अलार्म वाजला की दंड खोलीच्या भाड्याइतका लागू शकतो. छोट्या गावांतल्या मेक्सिकन हॉटेलात शाकाहारी बरिटो घेताना बीन्समध्ये लार्ड (डुकराची चरबी) आहे का ते विचारा.

कढीपत्त्याच्या कुंडीचा प्रश्न दर वेळी निघतोच. मूव्हर झाडं घेत नाहीत. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आणि लिंबूबागांना रोग पसरवणाऱ्या किडीचं आवडतं झाड, म्हणून कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडात तो बाहेरून न्यायला निर्बंध आहेत. आय-९० त्या राज्यांतून जात नाही, तरी वॉशिंग्टनच्या शेती खात्याचे नियम बघूनच न्या. उन्हात बंद गाडीत तो तासाभरात मान टाकतो, एवढं धरून चाला.

पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसामंजुरीचं पत्र), आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) ची प्रत, पदवीची मूळ प्रमाणपत्रं आणि दागिने एकाच बॅगेत, आणि ती बॅग रात्री खोलीत. अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा सोबत बाळगायचा असतो. हॉटेलच्या पार्किंगमध्ये गाडी डिकी भिंतीला टेकेल अशी लावा.

पोहोचल्यावर ३० दिवसांच्या आत वॉशिंग्टनचं लायसन्स आणि गाडीची नोंदणी, दोन्ही. चालू न्यू जर्सी लायसन्सवर परीक्षा द्यावी लागत नाही, पण ते जमा होतं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: वॉशिंग्टनचं साधं लायसन्स सध्या विमानतळावर रिअल आयडी (केंद्राच्या निकषांचं ओळखपत्र) म्हणून चालत नाही आणि तिथे चालणारं एन्हान्स्ड लायसन्स फक्त अमेरिकन नागरिकांना मिळतं. म्हणजे न्यू जर्सीचं रिअल आयडी लायसन्स गेलं की व्हिसावर असणाऱ्यांना देशातल्या देशात विमानाने जायलाही पासपोर्ट लागतो. गाडी येण्याआधी ९० दिवसांहून जास्त तुमच्याकडे, तुमच्या वापरात असेल तर तिच्यावर यूज टॅक्स (बाहेरून आणलेल्या वस्तूवरचा, विक्रीकरासारखा कर) नाही. नुकतीच घेतली असेल तर फरक भरावा लागू शकतो. २०२०पासून धुराची तपासणी बंद आहे, मात्र सिएटलच्या परिसरात नोंदणीवर आरटीए (सार्वजनिक वाहतुकीसाठीचा) कर लागतो आणि नव्या, महाग गाडीला तो चांगलाच चावतो. गाडीवर कर्ज असेल तर टायटल बँकेकडे असतं, त्यांना निघण्याआधीच फोन करा.

सिएटल भागातल्या ५२० महामार्गाचा पूल आणि ४०५ महामार्गाच्या एक्स्प्रेस लेनवर ईझीपास चालत नाही. तिथल्या टोलचं 'गुड टू गो' खातं गाडीच्या न्यू जर्सीच्या नंबरवर आधीच उघडून ठेवा, नाहीतर दर फेरीला दोन डॉलर जास्त आणि बिल जुन्या पत्त्यावर, त्यावर मग दंड. गाडीला नवी नंबरची पाटी लागली की त्याच दिवशी खात्यात नंबर बदला. जुन्या पाट्या न्यू जर्सीच्या एमव्हीसीला (वाहन खात्याला) पोस्टाने परत पाठवा, त्यांची पावती हातात आली की मगच न्यू जर्सीचा विमा बंद करा. उलट केलंत तर पाट्या तुमच्या नावावर असताना विमा नाही अशी नोंद होते आणि नोंदणी निलंबित झाल्याचं पत्र जुन्या घरी जातं.