दोन बोटं कमी

टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर घेऊन फाशांवर खेळायचा आमचा रोल-प्लेइंग गेम. तिसऱ्या सेशनला आम्ही सगळे तुरुंगात. कुलूप उघडायला टाकलेला प्रत्येक फासा उलटाच पडत होता. शेवटी गोष्ट चालवणाऱ्या गेम मास्टरलाच आमची दया आली असावी. गजांपलीकडच्या अंधारातून एक म्हातारा पुढे आला. पांढरी दाढी, डाव्या हाताला दोन बोटं कमी. त्याने किल्ली आत भिरकावली आणि नाहीसा झाला.

"हा मीच!" आमच्यातला एक पठ्ठ्या ओरडला. "भविष्यातून आलोय, मलाच सोडवायला." गेमच कालप्रवासाचा, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. तिथेच चुकलं.

पुढच्या सेशनपासून पठ्ठ्या अमर झाला. जळत्या इमारतीत घूस, पुलावरून उडी मार. अडवलं की उत्तर ठरलेलं, "माझी दाढी पांढरी व्हायचीय अजून, आणि बोटं दहाच्या दहा आहेत. मला काय होतंय?" दाढी आता कॅनन, म्हणजे गोष्टीतलं पक्कं सत्य, झाली होती!

यावरून जेवढं भांडलो तेवढं आम्ही खेळलोही नसू. एक पक्ष नोविकोव्हचा. या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात मांडलं की भूतकाळात जाता आलं तरी विसंगती निर्माण करणारी घटना घडूच शकत नाही, तिची शक्यता शून्य. म्हणजे किल्ली मिळालीय, तर ती देणारा जगणारच. दुसरा पक्ष अनेक विश्वांचा, भौतिकशास्त्रज्ञ एव्हरेटच्या १९५७च्या मांडणीतून निघालेला. म्हातारा दुसऱ्या फांदीवरचा, म्हणजे दुसऱ्याच विश्वातला, तेव्हा या फांदीवरच्या पठ्ठ्याने खुशाल मरावं. मी या पक्षात होतो, तत्त्वापेक्षा वैतागापोटी. १९९९च्या 'कंटिन्युअम' या गेममध्ये म्हणे असली उधारी नियमातच बसवलीय. भविष्यातल्या स्वतःकडून मदत घेतली की ती पुढे फेडायची, नाहीतर कॅरेक्टरचं अस्तित्वच विस्कटायला लागतं. आमच्याकडे नियम नव्हता, नुसता आवाज होता. ती किल्ली मुळात घडवली कुणी, असं एकाने विचारलं तेव्हा त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. एका रात्रीत माणसाने भांडायचं तरी किती?

अकराव्या सेशनला पठ्ठ्या पुन्हा आगीत शिरला. वीस बाजूंचा फासा टेबलाच्या कडेपर्यंत गडगडला आणि सगळ्यात वाईट आकड्यावर, १वर थांबला. फाशाला नोविकोव्ह माहीत नसतो.

"दाढी! वहीत बघा, दाढी आहे!" तो ओरडला.

नोंदींची वही माझ्याकडे असते. पान काढलं. माझ्याच गिचमिड अक्षरात होतं: 'अंधारातून म्हातारा. पां. दाढी, डा. हात २ बोटं नाहीत. किल्ली.' बस. नाव नाही, चेहरा नाही.

गेम मास्टरने वही ओढून घेतली, दोनदा वाचली आणि सावकाश म्हणाला, "तो तू आहेस, असं मी कधी म्हणालो?"

पठ्ठ्या कोरा कागद घेऊन नवं कॅरेक्टर बनवायला बसला. उरलेले आम्ही चौघं आपापल्या डाव्या हाताकडे बघत होतो.