क्वार्टरचा हिशेब आणि कॉकपिटमधलं शून्य

कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या चौकात रात्री नाकाबंदी असली की पोलीस दुचाकीवाल्याच्या तोंडाला नळी लावतात. तिथं कायद्याची हद्द आहे १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. २९ निघालं तर गडी सुटला. तिथून फार लांब नसलेल्या उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून जो विमान उचलतो, त्याला मात्र हे ३० सुद्धा नाही. त्याची हद्द शून्य. यंत्रावर दशांशानंतर तीन आकडे दिसतात आणि तिन्ही शून्यच लागतात.

आपल्याकडं या नियमाबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय: "बारा तास आधी सोडली की झालं." १९३७ च्या विमान नियमांतला २४ वा नियम उड्डाणाआधीचे १२ तास मद्य घ्यायचं नाही असं सांगतो, हे खरं. पण डीजीसीए म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या नियमावलीत याला जोडून दुसरी अट आहे, ती म्हणजे श्वासात अल्कोहोल सापडता कामा नये. दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या. घड्याळ बारा तास दाखवतंय म्हणून यंत्र माफ करत नाही, आणि यंत्रावर शून्य आलं म्हणून नऊ तासांपूर्वीची बिअर नियमात बसत नाही.

बारा तास कुठं कमी पडतात ते आकडे मांडूनच बघू. विडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाचं सूत्र १९३२ पासून यासाठी वापरलं जातं. पोटात गेलेले अल्कोहोलचे ग्रॅम भागिले (किलोतलं वजन गुणिले एक गुणक). पुरुषाला साधारण ०.६८, बाईला ०.५५. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे १८० मिलिच्या क्वार्टरमध्ये ७७ मिलि, आणि एक मिलि ०.७८९ ग्रॅमचा, म्हणजे साधारण ६१ ग्रॅम. ७० किलोच्या पुरुषाला ७० गुणिले ०.६८ म्हणजे ४७.६; ६१ भागिले ४७.६ म्हणजे १.२८, म्हणजे १०० मिलि रक्तात ढोबळमानानं १२८ मिलिग्रॅम. यकृत तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम काढतं. साडेआठ तास लागले. क्वार्टरवर थांबलेला माणूस बारा तासांत मोकळा होतो.

आता ३७५ मिलिची हाफ धरा. १२७ ग्रॅम, रक्तात २६६ मिलिग्रॅम, आणि शून्यावर यायला जवळजवळ १८ तास. आखाडात अमावास्येला रात्री अकराला हा माणूस पिऊन उठला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला "बारा तास झाले" म्हणताना त्याच्या रक्तात ८५ मिलिग्रॅमच्या आसपास शिल्लक असू शकते. शिवाय १५ ही सरासरी आहे. कुणाचं यकृत १० नंच काढतं. तेव्हा तोच आकडा आणखी वर जातो. बिअरवाल्यांनी खूश होऊ नये. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिची बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, बरोबर दोन मोठे पेग. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्यानं आंघोळ, भुरकाभुरकीनं तांबडा रस्सा, यातल्या कशानंही १५ चे १६ होत नाहीत. जेवण आधी पोटात असेल तर अल्कोहोल हळू चढतं, इतकाच जेवणाचा उपयोग. उतरायचा वेग यकृताच्या हातात.

बाहेरच्या देशांत हद्द शून्य नाही. अमेरिकेत आठ तास आणि ०.०४ टक्के, म्हणजे ४० मिलिग्रॅम. ब्रिटनमध्ये २००३ च्या कायद्यानुसार रक्तात २०, श्वासात १०० मिलिला ९ मायक्रोग्रॅम. युरोपात श्वासतपासणीची हद्द त्याच २० च्या पातळीवर. अमेरिकेच्या आठ तासांचं उघडं उदाहरण १९९० चं. फार्गोहून मिनियापोलिसला निघालेल्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या विमानाचे तिघेही वैमानिक आदल्या रात्री पिऊन पहाटेच्या विमानात बसले. विमान सुखरूप उतरलं, तिघांना अटक झाली, आणि उतरल्यानंतरही कॅप्टनच्या रक्तात ०.१३ टक्के निघाले. त्याला १६ महिन्यांची शिक्षा झाली.

तपासणीच्या खोलीत काय होतं ते आता. यंत्र फ्युएल सेलचं असतं: श्वासातलं अल्कोहोल प्लॅटिनमच्या पत्र्यावर जळतं, त्यातून वीज निघते, तिच्यावरून आकडा. प्रत्येकाला नवी नळी. फुंकर लांब आणि सलग लागते, कारण पहिली हवा तोंडाची असते आणि रक्ताशी देवाणघेवाण झालेली हवा फुप्फुसाच्या तळातून शेवटी येते. अर्धवट फुंकलं तर यंत्र नमुना नाकारतं. श्वासातल्या आणि रक्तातल्या अल्कोहोलचं प्रमाण १ ला २१०० धरलेलं असतं.

पहिला आकडा शून्याच्या वर आला तर तिथंच निकाल लागत नाही. १५ ते २० मिनिटं थांबवतात, तोंड धुवायची, चूळ भरायची मुभा असते. मग यंत्र ठीक आहे का हे पाहायला आधी न प्यालेल्या दुसऱ्या माणसाची चाचणी घेतात आणि त्यानंतर दुसरी फुंकर. ही पंधरा मिनिटं उगाच नाहीत. तोंडात राहिलेलं माउथवॉश किंवा टिंक्चर तेवढ्यात उडून जातं. रक्तातून येणारं अल्कोहोल जात नाही. दुसरा आकडाही वर आला की पहिल्या वेळी लायसन्स तीन महिने निलंबित, दुसऱ्या वेळी तीन वर्षं, तिसऱ्या वेळी रद्द. फुंकायला नकार दिला तर तोही पॉझिटिव्हच.

न पिता अडकणारे असतात, आणि त्यांची कारणं घरातल्या फडताळातच असतात. अल्कोहोल असलेले माउथवॉश आणि टूथ जेल डीजीसीएच्या २०२३ च्या दुरुस्तीत नावानिशी बंद झाले. त्याच वर्षीच्या मसुद्यात परफ्यूमसुद्धा होतं, त्यावर बरीच चर्चा झाली. सॅनिटायझर चोळलेल्या ओल्या हातानं नळी धरली तर वाफच आकडा दाखवते. हात सुकू द्यावेत. खोकल्याचं औषध, होमिओपॅथीचे थेंब यांच्या लेबलवर अल्कोहोल शोधावं. आजीच्या द्राक्षासव-दशमूलारिष्टाकडं कुणी संशयानं बघत नाही, पण आसव-अरिष्टांत आंबण्यातून तयार झालेलं ५ ते १० टक्के अल्कोहोल असतं. काही बिअर त्याहून सौम्य. नीरा ऊन चढल्यावर पिऊ नये, ती उतरवल्यापासून आंबायला लागते. औषध चालूच असेल तर ड्युटी घेण्याआधी कंपनीच्या डॉक्टरला सांगायचं, फुंकल्यावर नव्हे.

आणि शून्य आलं तरी एक गोष्ट यंत्राला दिसत नाही: कान. आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नळ्यांत द्रव असतो आणि त्यात कुप्युला नावाचा जेलीसारखा पडदा. दोघांची घनता सारखी, म्हणून डोकं वळलं तरच पडदा हलतो. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. ते आधी पडद्यात शिरतं, पडदा हलका होऊन तरंगतो. आडवं झाल्यावर खोली फिरते ती यामुळं. काही तासांनी दोन्हीकडं सारखं होतं, चक्कर थांबते, माणसाला वाटतं उतरली. मग पडद्यातून ते आधी निघून जातं, द्रवात राहतं, आणि पडदा उलट जड ठरतो. हा दुसरा टप्पा रक्त शून्यावर आल्यावरही काही तास चालू राहतो. जमिनीवर नुसतं भणभणतं. जुलैच्या ढगांत, खाली क्षितिज दिसत नसताना, चार्ट बघायला मान खाली घालून वर केली की विमान सरळ असूनही कललंय असं वाटतं, आणि हात ते "सरळ" करायला जातो. त्यात जेटच्या केबिनमधली हवा महाबळेश्वरपेक्षा बरीच उंचावरची, साधारण ६ ते ८ हजार फुटांवरची, आणि अल्कोहोलमुळं पेशींना ऑक्सिजन वापरणं आधीच जड जात असतं. १९८६ साली येसावेज आणि लेअरर यांनी अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांना सिम्युलेटरवर बसवलं होतं. रक्तात १०० मिलिग्रॅम होईल इतकं पिऊन १४ तास उलटले होते, तरी उड्डाण बिघडलेलं दिसलं. बारा तासांना नियमातला किमान आकडा मानावा, पुरेसा नव्हे.

उजळाईवाडीला विमान येतं, अर्ध्या तासात परत फिरतं, आणि वैमानिक कुठं फुंकताना दिसत नाही, असं बरेच प्रवासी म्हणतात. देशांतर्गत उड्डाणांत चाचणी ड्युटी सुरू होते त्या पहिल्या विमानतळावर होते. हैदराबादहून दिवस सुरू करणाऱ्या क्रूनं ती तिथं दिलेली असते, कोल्हापूर हा त्याच ड्युटीतला मधला थांबा. परदेशातून येणाऱ्याची तपासणी भारतात पहिल्यांदा उतरल्यावर होते, तेव्हा तो दारातून बाहेर पडायच्या आधी फुंकतो.