पावसच्या सड्यावर तीन ग्रासकटर

ऑक्टोबर सरत आला की रत्नागिरीतल्या आमच्या दुकानात ग्रासकटरसाठी, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाशी फिरतं पातं असलेल्या गवत कापायच्या मशीनसाठी, गर्दी उसळते. पाऊस थांबलेला असतो, बागांत गवत कंबरेला लागलेलं असतं आणि मोहोर यायच्या आत बेणणी (गवत-झुडपं कापून बाग साफ करणं) उरकायची सगळ्यांनाच घाई असते. मी तिथे मशीन विकतो आणि दुरुस्तही करतो. दुरुस्तीच्या टेबलावर जे शिकायला मिळतं ते कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

त्या दिवशी पावसच्या बाजूला बाग असलेले एक काका आले. "मोठ्यातलं मोठं दे. बावन्न सीसी. बारा एकर आहे, लहानसहान मशीन टिकायचं नाही तिथे." पैसे खिशात तयार होते. मी विचारलं, "चालवणार कोण?"

"आमचा दाजू. कोण म्हणजे काय?"

"मग त्याला बघू दे. तीन मशीनं घेऊन मीच येतो बागेत."

काकांना ते फारसं रुचलं नाही, पण नाही म्हणाले नाहीत. एक ५२ सीसीचं टू-स्ट्रोक (ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं), एक ३५ सीसीचं फोर-स्ट्रोक (ऑइल इंजिनात वेगळं) आणि एक पाठीवर घ्यायचं, अशी तिन्ही टेम्पोत टाकून मी निघालो.

बाग आपल्याकडच्या बहुतेक बागांसारखीच. वर सपाट कातळसडा, त्यावर कुसळी गवत माजलेलं आणि त्याच्या पोटात जांभ्याचे उघडे दगड. खाली उतारावर गडगे, म्हणजे दगडी बांध, घालून लावलेली आंब्याची कलमं, त्यातली काही अगदी कोवळी. सगळ्यात खाली काजू, तिथे रानमोडी या झुडपी तणाचं जंगल. काजूची बी खाली पडते आणि वेचावी लागते, म्हणून तिथली जमीन फेब्रुवारीच्या आत मोकळी हवी. सड्यावरचं गवत वाळलं की वणव्याची भीती. म्हणजे एकाच बागेत तीन तऱ्हेचं काम, आणि ते सगळं एका माणसाच्या खांद्यावर.

दाजू नेपाळचा, अनेक वर्षं बागेवरच राहणारा, मराठी साफ बोलणारा. अंगाने किरकोळ. आमच्या भागातल्या कितीतरी बागा या नेपाळी राखणदारांच्या जिवावर उभ्या आहेत. मी त्याला जुनं मशीन दाखवायला सांगितलं. ते देताना त्याने डाव्या हाताची बोटं दोनतीनदा झटकली.

"काय झालं?"

"रात्री हात झोपतो. मुंग्या येतात. थंडीत बोटं पांढरी पडतात."

मला धस्स झालं. मशीन उलटं करून बघितलं. इंजिन आणि दांड्याच्या मधले रबर फुटून गेलेले. पात्याचा एक दात अर्धा तुटलेला. पातं मिनिटाला हजारो फेऱ्या फिरतं. त्याचा तोल एवढासाही बिघडला की तो सगळा हादरा दांड्यावाटे मुठीत उतरतो. पट्टा एका खांद्याचा, तोही सुतळीने बांधलेला. सायलेन्सर काजळीने बुजलेला, कारण पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजाने ओतलेलं. मशीनच्या पुस्तकात एकास पन्नास लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, एकास पंचवीस असेल तर ४०. हे मापून टाकायचं असतं. कमी पडलं तर पिस्टन धरतो, जास्त झालं तर असं होतं.

काकांना तिथेच सांगितलं, की सततच्या हादऱ्याने बोटांच्या नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात, आणि वेळेत थांबलं नाही तर ते परत नीट होत नाही. युरोपीय संघाने २००२ साली याचा नियमच केला. आठ तासांच्या हिशेबाने कंपनाचा आकडा (मीटर प्रति सेकंद वर्गात) २.५ च्या वर गेला की मालकाने उपाय करायचे, आणि ५ ही शेवटची हद्द. चांगल्या मशीनच्या पुस्तकात त्या मशीनच्या कंपनाचा आकडा छापलेला असतो. सीसीच्या आधी तो वाचावा. काका काही बोलले नाहीत, पण दाजूचा हात हातात घेऊन त्यांनी बोटं नीट बघितली.

मग तिन्ही मशीनं सड्यावर आणली. आधी ५२ सीसी. सगळ्यांना मी पंधरा मीटरच्या पलीकडे, गडग्यामागे उभं केलं. हे अंतर मी कुणाच्याही सांगण्यावरून कमी करत नाही. दाजूने सुरुवात झोकात केली. गवत आडवं पडत होतं, काका खूश. पण पुढचं टोक जड असल्याने ते सारखं खाली जात होतं. दाजू ते मनगटाने उचलून धरत होता, आणि थोड्याच वेळात मनगट थकलं. तेवढ्यात गवतातल्या एका दगडाला पात्याची उजवी पुढची कड लागली. मशीन फाडकन उजवीकडे उसळलं आणि दगडाचा कपचा गडग्यावर आपटला.

वरून पाहिलं तर पातं घड्याळाच्या उलट फिरतं. कापायचं ते डाव्या बाजूने, उजवीकडून डावीकडे झोका देत. पात्यावर घड्याळाची तबकडी कल्पावी. बारा ते तीनच्या मधला भाग कशाला अडला की पातं मशीनलाच फेकतं. जितकं इंजिन मोठं, तितका तो झटका मोठा. दुकानात उभं राहून हे कळत नाही.

पाठीवरचं मशीन दाजूला उतारावर आवडलं, हातांवर इंजिनाचं वजन येत नाही म्हणून. पण इंजिनाची धग पाठीला, आणि उतारावर पाय घसरला तर ओझं आधी पाठीवरून सोडवायचं. शिवाय त्याचा लवचिक शाफ्ट वेळेवर ग्रीस न केल्यामुळे तुटून माझ्याकडे येतो, ते मी नेहमीच बघतो.

शेवटी ३५ सीसी. बैलाच्या शिंगांसारखा रुंद हँडल, दोन्ही खांद्यांचा पट्टा. पट्टा मी त्याच्या मापाने लावला. हूक कमरेच्या हाडाखाली तळहाताच्या रुंदीइतका, मशीन सोडून दिलं तर पातं जमिनीच्या किंचित वर तरंगावं असं. तीन दाती पातं लावलं. दाजूने झोका धरला आणि त्याची चाल एकदम बदलली. खांदे सैल, पावलं एका लयीत. अख्खी टाकी संपेपर्यंत तो थांबला नाही. गवत मोठ्या मशीनइतकंच कापलं गेलं. गवताला तेवढी ताकद लागतच नाही, लागतो तो झोका न मोडणारा माणूस. रानमोडीच्या जून खोडांना मोठं इंजिन कामाला येतं हे खरं, पण ती खोडं किती, आणि गवत किती!

काका म्हणाले, "पात्याच्या जागी नायलॉनची दोरी नको का? पातं दगडाला लागतंय."

मी सांगितलं, गडग्याच्या कडेला आणि दगडांत दोरी, बाकी उंच गवताला पातं जमिनीपासून वीतभर वर ठेवून. आणि लोखंडी पातं हवं तर आत्ताच चालवायचं, गवत ओलं आहे तोवर. मार्चमध्ये जांभ्यावर पातं घासून उडालेली एक ठिणगी सडा पेटवायला पुरते. हद्दीला जाळपट्टा, म्हणजे वणवा अडवायला मोकळा पट्टा, काढला तर कापलेलं गवत तिथून ओढून बाहेर टाकायचं. तिथेच वाळलं तर त्या पट्ट्याचा उपयोग शून्य. कोवळ्या कलमांजवळ मात्र पातंही नको, दोरीही नको. दोरी बुंध्याभोवतीची साल सोलते आणि कलम वरून हिरवं दिसत दिसत मरतं. तिथे दोन फुटांचं कडं विळ्यानेच.

फोर-स्ट्रोकची किंमत ऐकून काकांनी भुवया चढवल्या. मी एवढंच म्हटलं, "दाजू सांगेल ते घ्या."

दाजू लगेच बोलला नाही. मालकापुढे महागडं मशीन मागायचं म्हणजे त्यालाही जड जात असणार. मग ३५ सीसीच्या मशीनवर हात ठेवला. "याने संध्याकाळी मी भाकरी तोडू शकेन."

काकांनी तेच घेतलं. सोबत तोंडावरची जाळी, कानाचे मफ आणि गमबूट, कारण फुरसं हा विषारी साप याच कातळात असतो. ऑइल रोज बघायचं, अवघं १०० मिली मावतं. पावसाळ्यात ठेवताना टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, नाहीतर इथेनॉलवालं पेट्रोल पाणी धरतं आणि कार्बोरेटर खातं. हे मी दाजूच्या बायकोलाही सांगितलं, कारण तिने स्वतःहून मशीन उचलून तोल बघितला होता.

डिसेंबरात मशीन सर्व्हिसिंगला आलं. एअर फिल्टर धुतलेला, गिअरपेटीत ग्रीस भरलेलं. काकांनी दाजूला डॉक्टरांना दाखवलं होतं. मुंग्या कमी झाल्यात, पण दोन बोटं सकाळच्या गारठ्यात अजून पांढरी पडतात. या हंगामात मशीन त्याची बायको आणि गावातला एक मुलगा टाकी-टाकीने आळीपाळीने चालवतात. कलमांभोवतीचं विळ्याचं काम दाजूकडे आहे.